पाणी आणले, पाणी आटवले: रावळगावच्या गोळीची हकिकत

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, गिरणेच्या खोऱ्यात रावळगाव आहे. नकाशावर चटकन सापडणार नाही एवढे लहान. पण पन्नाशी ओलांडलेल्या मराठी माणसापुढे हे नाव काढले की त्याला गावाच्या आधी गोळी आठवते. किराणा दुकानातल्या काचेच्या बरणीत, एसटी स्टँडवरच्या टपरीत, शाळेत वाढदिवसाला वाटलेल्या पुड्यात ती होती. आपल्याकडे मुले कागदात गुंडाळलेल्या कुठल्याही गोड वस्तूला चॉकलेट म्हणतात, तेव्हा तिलाही पुष्कळ ठिकाणी चॉकलेटच म्हटले गेले. ती चॉकलेट नव्हती. ती उकळलेल्या साखरेची कडक गोळी होती, आणि तशी गोळी नीट बनवणे हे फार अवघड काम आहे. रावळगावने ते ऐंशी वर्षे केले.

कारखान्याचा इतिहास बहुधा धुराड्यापासून सांगितला जातो. रावळगावचा मात्र जमिनीपासूनच सांगायला हवा.

वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव घेतले की जहाज, विमान आणि मोटार या तीन गोष्टी पुढे येतात. सोलापुरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेल्या या माणसाने लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेऊन धंद्याला सुरुवात केली. पुढे त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. बंगळुरात विमानाचा कारखाना, विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी, मुंबईत प्रीमियर मोटार असे एकेक साहस मागोमाग उभे राहिले. या भव्य यादीत शेतीला जेमतेम एखादी ओळ मिळते. मला ते अन्यायाचे वाटते. जहाजासाठी त्यांना इंग्रज कंपन्यांशी झगडावे लागले, रावळगावात खडकाशी आणि अवर्षणाशी. दुसरा झगडा पहिल्यापेक्षा सोपा होता असे मानायला काही आधार नाही.

१९२३ मध्ये वालचंदांनी रावळगावला सुमारे दीड हजार एकर जमीन घेतली. ती दगडगोट्यांची आणि पडीक होती. या भागात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा राहतो आणि तेवढ्या काळात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पितो. म्हणजे वर्षाकाठी आभाळातून मिळते त्याच्या चौपट पाणी त्याला लागते. गिरणेवर कळवण तालुक्यात चणकापूरचे धरण विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच झाले होते, त्यामुळे खोऱ्यात पाटाच्या पाण्याची सोय निघाली होती. पण पाट म्हणजे शेत नव्हे. दगड वेचायचे, उतार सारखा करायचा, माती भरायची, चाऱ्या काढायच्या, कुठली जात या जमिनीत तग धरते ते एकेका हंगामाने शिकायचे. वालचंदांनी शेतीच्या कामावर जाणकार माणसे नेमली आणि रेल्वेच्या बोगद्याचे काम करावे तशाच चिकाटीने शेतीचे काम केले. या माळावर ऊस यायला आणि त्या उसातून कारखाना उभा राहायला दहा वर्षे गेली.

ती दहा वर्षे साखरेच्या बाजूने निर्णायक ठरली. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवणारा कायदा केला. त्याआधी देशभरात तीस-बत्तीस साखर कारखाने होते. पाच वर्षांत ती संख्या सव्वाशेच्या वर गेली. हा कायदा झाल्यावर जे जागे झाले त्यांना आधी ऊस शोधावा लागला. रावळगावला ऊस उभाच होता. १९३३ मध्ये ‘रावळगाव शुगर फार्म’ ही कंपनी स्थापन झाली. नावात ‘फार्म’ हा शब्द ठेवला आहे, आणि तो शोभेसाठी नाही. कारखान्याच्या आधी शेत होते, याची नोंद त्या नावातच आहे. पाठोपाठ इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर दुसरा साखर कारखाना आला आणि त्या वसाहतीला पुढे वालचंदनगर हे नाव मिळाले. नीरेच्या काठचे ते गाव मालकाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. रावळगाव मात्र स्वतःच्याच नावाने राहिले, आणि ते नाव पुढे मालकाच्या नावापेक्षाही जास्त घरांत पोचले.

हे घडले गोळीमुळे. १९४२ मध्ये कंपनीने ‘रावळगाव’ या नावाखाली गोळ्या करायला सुरुवात केली. मुंबईच्या विलेपार्ल्यात पार्लेचा गोळ्यांचा कारखाना १९२९ पासून चालू होता, तेव्हा देशी गोळी ही काही नवलाई नव्हती. वेगळे हे होते की ज्या गावात ऊस पिकतो, साखर निघते, तिथेच गोळीही व्हावी. दुसरे महायुद्ध चालू होते. समुद्रावरची वाहतूक विस्कळीत होती आणि विलायती मालाचा भरवसा उरला नव्हता.

साखर पोत्यात जाते. पोते फुटले, ती वाण्याच्या डब्यात पडली की तिला ना गाव राहते ना कारखाना. रावळगावची साखर आणि बेलापूरची साखर यांत गिऱ्हाईक फरक करीत नाही. गोळीचे तसे नसते. तिला कागद असतो, कागदावर नाव असते, आणि मूल ते नाव घेऊन दुसऱ्यांदा मागते. शेतमालाला स्वतःचे नाव मिळवून द्यायचे असेल तर त्याला शेवटच्या रूपापर्यंत न्यावे लागते, ही गोष्ट आज आपण प्रक्रिया उद्योगाच्या भाषणांतून ऐकतो. रावळगावने ती स्वातंत्र्यापूर्वी करून दाखवली होती.

आता गोळीच्या अंगाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या संस्थेचे खरे कसब तिथे होते.

आपल्या स्वयंपाकघरात पाकाच्या पायऱ्या सगळ्यांना ठाऊक असतात. एकतारी, दोनतारी, मग गोळीबंद, आणि त्यापुढे चिक्कीचा पाक, ज्याचा थेंब गार पाण्यात टाकला की वाटीत कडकन वाजतो. या पायऱ्या म्हणजे पाकात किती पाणी उरले आहे याची मापे आहेत. पाणी जसे उडते तसा पाकाचा उकळबिंदू चढतो. दोनतारीपर्यंत तो शंभर अंशांच्या थोडा वर असतो. कडक गोळीसाठी तो १४५ ते १५० अंश सेल्सियसपर्यंत न्यावा लागतो. तिथे पोचल्यावर पाकात पाणी उरते शेकडा दोन-तीन भाग, कधी त्याहून कमी. ज्या संस्थेने दहा वर्षे शेतात पाणी आणण्यासाठी घालवली, तिचे पुढचे सगळे कौशल्य पाणी घालवण्यात आणि घालवलेले पाणी परत येऊ न देण्यात खर्च झाले.

साखरेचा पाक नुसता गार होऊ दिला तर तिचे पुन्हा स्फटिक होतात. खडीसाखर ही त्याच स्वभावाची वस्तू आहे: सावकाश, शांतपणे वाढू दिलेले स्फटिक. कडक गोळीत नेमके हेच टाळायचे असते. पाक इतका दाट आणि इतक्या वेगाने गार करायचा की साखरेच्या कणांना रांगेत बसायला सवड मिळू नये. जिथे होते तिथेच ते थिजतात. त्यातून जी वस्तू होते ती भौतिकशास्त्राच्या भाषेत काच असते. खिडकीची काच वाळूची, ही साखरेची. म्हणून चांगली कडक गोळी उजेडाकडे धरली की आरपार दिसते, दातांखाली धारदार फुटते, आणि तिच्या तुकड्याची कड जिभेला लागते.

साखर एकटी असेल तर ती लवकर किंवा उशिरा स्फटिक होण्याकडे झुकतेच. म्हणून पाकात लिक्विड ग्लुकोज घालतात, साधारण साखरेचे दोन भाग आणि ग्लुकोजचा एक, कमी-जास्त कारखान्याच्या पद्धतीप्रमाणे. त्यातले मोठे, वेडेवाकडे रेणू साखरेच्या रांगा मोडतात. प्रमाण चुकले तर दोन्ही बाजूंनी नुकसान. ग्लुकोज कमी पडले तर काही आठवड्यांत गोळी आतून पांढुरकी आणि भुसभुशीत होते. जास्त झाले तर ती हवेतला ओलावा ओढून कागदाला चिकटते.

कारखान्यात पाक उघड्या कढईत १५० अंशांपर्यंत तापवला तर तो करपतो, पिवळा पडतो, कडवट वास धरतो. यावरचा उपाय साखर कारखान्यांना आधीच माहीत होता. एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८१३ मध्ये निर्वात कढईचे पेटंट घेतले. भांड्यातली हवा खेचून घेतली की पाणी कमी उष्णतेला उकळते, आणि साखरेचा रंग जात नाही. उसाचा रस आटवायला जे तत्त्व, तेच गोळीचा पाक आटवायला. साखरेच्या कारखान्याशेजारी गोळीचे खाते निघाले यात हे नातेही आहे.

पाक तयार झाला की तो गार केलेल्या पाट्यावर ओततात. मगच त्यात रंग, वास आणि आंबटपणा घालतात. सायट्रिक आम्ल उकळत्या पाकात पडले तर ते साखर फोडते आणि सगळी बॅच चिकट होते. वासाची तेलेही उकळीत उडून जातात. म्हणून पाक मऊ पण हाताळण्याजोगा झाल्यावर, घडीवर घडी घालत मसाला मिसळायचा. ही वेळ फार थोडी असते. पाक ऐंशी अंशांच्या आसपास उतरला की त्याचा लांब दोर ओढायचा, साच्यातून गोळ्या दाबून काढायच्या, गार हवेच्या पट्ट्यावर सोडायच्या, आणि लगेच कागदात गुंडाळायच्या. मधे यंत्र थांबले तर दोर जागेवर दगड होतो. यंत्राचा काटा तापमान सांगतो, पण पाक ‘आला’ की नाही हे पाट्याजवळ उभ्या माणसाच्या तळहाताला आधी कळते. असे तळहात तयार व्हायला वर्षे लागतात.

गोळी तोंडात किती वेळ टिकते? चांगली कडक गोळी तोंडात ठेवून नुसती चोखली तर आठ-दहा मिनिटे पुरते, आणि ती फक्त पृष्ठभागावरून विरघळते. आतपर्यंत लाळ शिरायला तिच्यात वाट नसते. पाक ओढून, हवा भरून केलेली गोळी पांढरी, रेशमी दिसते, पण तिच्यात बारीक पोकळ्या असतात आणि ती लवकर संपते. आकार वाढवून टिकाऊपणा मिळवणे परवडत नाही. व्यास दुप्पट केला तर साखर आठपट लागते आणि गोळी टिकते जेमतेम दुप्पट वेळ. म्हणून छोट्या गोळीच्या कारखानदाराला एकच मार्ग उरतो: पाणी शक्य तितके कमी, हवा शक्य तितकी कमी, आणि पृष्ठभाग गुळगुळीत. एक गोष्ट इथे सांगून टाकली पाहिजे. जी गोळी जास्त वेळ टिकते ती दातांवरही जास्त वेळ साखर ठेवते, आणि दंतवैद्यांचा तिच्यावरचा राग रास्त आहे.

जगातली सर्वांत जास्त टिकणारी गोळी मात्र वेगळ्याच रीतीने होते. शिकागोमध्ये साल्वातोरे फेरारा या इटालियन स्थलांतरिताने १९०८ मध्ये काढलेल्या कारखान्याचे नाव अशा गोळ्यांशी जोडलेले आहे. फिरत्या तापत्या पातेल्यात साखरेचा एक दाणा घ्यायचा, त्यावर पाकाची पातळ फवारणी करायची, वाळू द्यायची, पुन्हा फवारायची. एका खेपेला दोन आठवड्यांहून जास्त दिवस लागतात. ती गोळी दातांनी फोडता येत नाही, थरावर थर झिजतो आणि रंग बदलत जातो. मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. संक्रांतीचा काटेरी हलवा आपल्या घरांत असाच होतो: मंद आचेवरच्या परातीत खसखस किंवा साबुदाणा, त्यावर थेंबथेंब एकतारी पाक, आणि बोटांनी सतत हलवणे. शिकागोच्या पातेल्यात तेच चालते, फक्त बोटांच्या जागी यंत्र असते आणि काटा येऊ देत नाहीत.

रावळगावची वाट या थरांच्या गोळीची नव्हती, ती उकळलेल्या काचेच्या गोळीची होती. आणि तिचा मोठा शत्रू महाराष्ट्राची हवाच होती. कडक गोळीच्या पृष्ठभागावरची हवा जर शेकडा तिसाहून जास्त दमट असेल तर गोळी ओलावा ओढू लागते. आपल्या पावसाळ्यात कोकणात हा आकडा नव्वदीला जातो. उन्हाळ्यात दुसरे संकट. साखरेची ही काच चाळीस अंशांच्या जवळपास मऊ पडू लागते, आणि मालेगाव भागात मे महिन्यात पारा चाळीस ओलांडतोच. म्हणजे ज्या गावात गोळी जन्मली तिथल्याच उन्हात ती आकार गमावू शकत होती. उत्तर एकच: पाणी आणखी घटवणे, आणि कागद घट्ट. दोन्ही टोकांना पीळ दिलेला तो कागद शोभेचा नव्हता. तो कोकणातला जुलै आणि खानदेशातला मे बाहेर ठेवत होता.

पुढच्या काळात नावे वाढत गेली. मँगो मूड, कॉफी ब्रेक, टुटीफ्रुटी, सुप्रीम, लाको, चेरी. या सगळ्यांत पान पसंद मला सर्वांत धाडसी वाटते. पानाचा वास गोळीत आणायचा म्हणजे बडीशेप, गुलकंद, कात यांच्या आठवणीला साखरेच्या काचेत बसवायचे. विलायती गोळीच्या साच्यात इतके देशी काही त्याआधी फारसे आले नव्हते. दूरदर्शनच्या काळातल्या तिच्या जाहिराती, कडवट बोलणारे माणूस गोळी तोंडात टाकताच गोड बोलू लागते अशा, लोकांच्या तोंडी बसल्या. मुलांची वस्तू मोठ्यांच्या जेवणानंतर गेली, हा त्या गोळीचा खरा पराक्रम.

मधल्या काळात कारखान्याखालची जमीन बदलली. १९६१ च्या महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांच्या मोठ्या शेतजमिनी सरकारकडे गेल्या, आणि त्या सांभाळण्यासाठी १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन झाले. रावळगावचा मळाही महामंडळाकडे गेला. त्याच दशकांत राज्यात सहकारी साखर कारखान्यांचे युग आले. प्रवरेचा प्रयोग १९५० मध्ये सुरू होऊन यशस्वी झाला होता आणि साखरेच्या राजकारणाचा केंद्रबिंदू तिकडे सरकला. जमिनीच्या फेरवाटपाच्या बाजूचा मी आहे. तरीही एका गोष्टीची नोंद करायला हवी. शेत गेल्यावर ‘शुगर फार्म’ या नावातला शेवटचा शब्द पोकळ झाला, आणि या संस्थेची ओळख जवळजवळ पूर्णपणे गोळीवर येऊन टेकली.

गोळीचा धंदा पैशांच्या छोट्या नाण्यांवर उभा असतो. पावली, आठ आणे, रुपया. दुकानदाराकडे सुटे नसले की तो गोळी देत असे, आणि कित्येक वर्षे ती महाराष्ट्रात चिल्लर म्हणूनही फिरली. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशांचे नाणे चलनातून गेले. साखर, इंधन, मजुरी, कागद सगळे महागले, पण रुपयाची गोळी दोन रुपयांची करणे कारखान्यांना अवघड गेले, कारण शेजारी दुसऱ्या कुणाची रुपयाची गोळी ठेवलेली असते. मग वजन घटवायचे, आणि त्यालाही एक तळ असतो. २०१६ नंतर मोबाइलवरून पैसे देणे सुरू झाले, तेव्हा सुट्ट्या पैशांच्या बदली गोळी देण्याची वेळ दुकानदारावर येईना. मोठ्या कंपन्यांची जाहिरात आणि गल्लीबोळांतल्या छोट्या कारखान्यांची स्वस्ताई या दोन पात्यांमध्ये मधला कारखाना सापडला. बाजारातला आपला वाटा गेल्याचे कंपनीने स्वतःच जाहीर केले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगावने आपली गोळ्यांची नावे, बोधचिन्हे आणि पाककृती रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्स या कंपनीला सत्तावीस कोटी रुपयांना विकल्या. जमीन, इमारती आणि यंत्रे मूळ कंपनीकडेच राहिली. या व्यवहारावर हळहळणारे पुष्कळ भेटले. मला त्यात थोडी आशाही दिसते, कारण नाव विकत घेणाऱ्याला ते नाव चालवायचे असते, आणि बरणीत पान पसंद पुन्हा दिसेल. मला काळजी वाटते ती कागदावर न उतरलेल्या गोष्टीची. पाककृतीत साखर-ग्लुकोजचे प्रमाण लिहिलेले असते, तापमान लिहिलेले असते. मे महिन्यात तेच प्रमाण किती हलवायचे, पाट्यावर घडी किती वेळा घालायची, पावसाळ्यात पहिल्या खेपेचा दोर का तुटतो, हे रावळगावच्या माणसांना माहीत होते आणि ते कुठल्याही विक्रीखतात बसत नाही.

वालचंदांचे चरित्र गं. दे. खानोलकरांनी लिहिले, जहाजांची आणि विमानांची दफ्तरे जपली गेली. गोळी खात्यातल्या कामगारांचे काही छापलेले माझ्या पाहण्यात नाही. पाक आटवणारे, साचे घासणारे, कागद गुंडाळणारे आणि खोकी भरणारे ज्येष्ठ कामगार आज मालेगाव, रावळगाव आणि आसपासच्या खेड्यांत आहेत. त्यांच्याशी बोलून, पाकाच्या एकेका पायरीबद्दल विचारून, ते त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करून ठेवावे. जुनी वेष्टने, पत्र्याचे डबे, हजेरीपत्रके, खात्याची छायाचित्रे ज्यांच्या घरी असतील त्यांनी ती रद्दीत न घालता या स्मरणिकेच्या संपादकांकडे द्यावीत, म्हणजे पुढच्या आवृत्तीत या इतिहासाचा कामगारांचा भाग त्यांच्याच तोंडून छापता येईल.